झोनिंग दाखला: विचारलं तेवढंच सांगणारा कागद

गोव्यात धंद्यासाठी जागा बघायला निघालेल्या माणसाच्या हातात दलाल सगळ्यात आधी ठेवतो तो झोनिंग दाखला, म्हणजे आराखड्यात ती जमीन कुठल्या वापराच्या झोनमध्ये आहे हे सांगणारा सरकारी कागद. गोदाम असो, बेकरी असो, गॅरेज असो नाहीतर हमरस्त्याकडेचं रेस्टॉरंट. कागदावर 'सेटलमेंट' (वस्ती-बांधकामाचा झोन) हा शब्द दिसला की सौदा अर्धा झाला असं धरलं जातं आणि इसार देऊन टाकला जातो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. हा रिव्ह्यू त्या दाखल्याच्या सेवेचा आहे: तो काय देतो, काय देत नाही आणि जागा ठरवताना त्यावर किती भार टाकावा.

निकाल आधीच सांगून टाकू. जमिनीचा झोन अधिकृतपणे कळावा एवढ्यासाठी पाचपैकी चार. ही जागा आपल्या धंद्याला चालेल का, या प्रश्नासाठी पाचपैकी दीड. त्यातला अर्धा गुण 'नाही' असं उत्तर स्वच्छ मिळतं यासाठी. 'होय' मात्र या कागदातून कधीच मिळत नाही, आणि लोक नेमकं तेच त्यात वाचतात.

अर्ज आणि हाती येणारा कागद

दाखला मिळतो १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली. अर्ज कुठे करायचा हे जमीन कुठल्या आराखड्यात येते त्यावर ठरतं. पीडीएच्या, म्हणजे नियोजन व विकास प्राधिकरणाच्या, क्षेत्रातली जमीन असेल तर तिथे बाह्यविकास आराखडा, म्हणजे ओडीपी, लागू होतो; मडगाव-फोंड्याला दक्षिण गोवा पीडीए, वास्कोला मुरगाव पीडीए, वगैरे. बाकी गावांना प्रादेशिक आराखडा, आणि अर्ज तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयात. शहराला लागून असलेल्या गावांत ही पहिलीच चूक होते. अर्धं गाव पीडीएत, अर्धं बाहेर, आणि अर्ज भलत्याच टेबलावर.

सोबत जोडायचं ते मोजकंच: एक-चौदाचा (मालक, कूळ यांची नावं असलेला जमिनीचा) ताजा उतारा, सर्व्हे प्लॅन आणि फी. शहरात उताऱ्याऐवजी फॉर्म डी, आणि सर्व्हे प्लॅनऐवजी चलता नंबर (शहर-मोजणीतला मिळकतीचा क्रमांक) असलेली पी. टी. शीट, म्हणजे शहर-मोजणीचा नकाशा. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व्हे प्लॅनवर लाल रेघेने दाखवलेली आपली जागा. सर्व्हे नंबर ४० हजार चौरस मीटरचा आणि आपल्याला त्यातला हजाराचा तुकडा हवा असेल, तर रेघ न मारता दिलेल्या अर्जावर उत्तर अख्ख्या सर्व्हे नंबरचं येतं. ते खरं असतं, पण आपल्या तुकड्याबद्दल काहीच सांगत नाही. तुकडा आधीच पाडलेला असेल तर मंजूर सबडिव्हिजन प्लॅनही लावावा. पाडलेला नसेल तर पुढे विक्रीखत नोंदवताना उपनिबंधक कलम ४९(६) खालचा ना हरकत दाखला मागणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवा.

उत्तर दोन-चार ओळींचं असतं. अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, २००१ च्या प्रादेशिक आराखड्यात हा झोन, २०२१ च्या आराखड्यात हा झोन. दोन आराखड्यांची नावं पाहून गोंधळू नका, त्यामागे इतिहास आहे. २००१ चा आराखडा १९८६ मध्ये आला. त्यानंतरचा २०११ चा आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि जनआंदोलनापुढे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. मग २०२१ चा आराखडा २०११ मध्ये आला, २०१२ मध्ये बासनात गेला आणि २०१८ नंतर पुन्हा वापरात आला. नावातलं साल उलटून गेलं तरी आराखडा तोच आहे. दोन्ही नोंदींत एकच झोन असेल तर पाया घट्ट समजावा. २००१ च्या आराखड्यात 'ऑर्चर्ड' (बागायत) आणि आता 'सेटलमेंट' असेल, तर हा बदल कधी, कशाने झाला, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायलाच हवा. त्याबद्दल पुढे.

'अंशतः' हा महाग शब्द

दाखल्यात 'पार्टली' असं आलं तर तिथे थांबा. जमीन अंशतः सेटलमेंट, अंशतः ऑर्चर्ड, असा त्याचा अर्थ. किती अंश, कुठल्या बाजूचा, हे ओळीत लिहिलेलं नसतं. त्यासाठी झोनची हद्द दाखवलेला नकाशा वेगळा मागावा लागतो आणि ती हद्द सर्व्हेअरकडून जागेवर उतरवून घ्यावी लागते. नकाशा १:१०,००० प्रमाणाचा असेल तर कागदावरची १ मिलिमीटरची रेघ जमिनीवर १० मीटरची होते. गोदामाची एक भिंत त्या रेघेच्या जाडीत हरवू शकते.

आकड्यांत बघू. समजा प्लॉट २४०० चौरस मीटरचा. त्यातले ११०० सेटलमेंट, १३०० ऑर्चर्ड. किंमत बहुतेक वेळा २४०० वर ठरते. बांधकामाचं गणित मात्र ११०० वर सुरू होतं. समोरचा रस्ता रुंद व्हायचा असेल आणि ३० मीटरच्या दर्शनी बाजूने २ मीटरची पट्टी जाणार असेल, तर ६० चौरस मीटर वजा, उरले १०४०. प्रादेशिक आराखड्यात गावांचे दोन वर्ग आहेत: व्हीपी-१ मध्ये एफएआर (सगळे मजले मिळून बांधकाम जमिनीच्या किती टक्के) ८०, व्हीपी-२ मध्ये ६०. व्हीपी-२ गाव असेल तर १०४० वर ६२४ चौरस मीटर एकूण मजला. दुकान आणि वर ऑफिस असा बेत असेल तर हे पुरेल. पण गोदामाला वरचा मजला काय कामाचा? त्याला लागते जमिनीवरची जागा, आणि ती बांधते कव्हरेजची, म्हणजे इमारतीने किती टक्के जमीन व्यापायची त्याची, मर्यादा. ४० टक्के धरली तर ४१६ चौरस मीटर. म्हणजे २४०० चौरस मीटरचे पैसे मोजून ४१६ चं गोदाम. गोदाम बघणाऱ्यांनी एफएआरचा आकडा बाजूला ठेवून कव्हरेजचा आकडा आधी विचारावा, तो हटकून विसरला जातो.

उरलेल्या १३०० चं काय करायचं? ऑर्चर्डमध्ये फार्महाऊसला वाव असतो, पण त्यासाठी किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते, आणि फार्महाऊस म्हणजे कॅफे नव्हे. 'मागे पार्किंग करू' हाही ठरलेला सल्ला. ऑर्चर्डवर खडी टाकून ट्रक उभे करणं हा जमिनीचा वापर बदलणंच आहे. माडांच्या सावलीत असलं म्हणून ते बागायत ठरत नाही.

सेटलमेंट म्हणजे मोकळं रान नव्हे

२०२१ च्या आराखड्याने जमिनीची मोठी विभागणी अशी केली आहे: इको-१ मध्ये जंगल, खारफुटी, पाणवठे, भातशेती, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन), इको-२ मध्ये बागायत, नैसर्गिक आच्छादन, मिठागरं आणि त्यासारख्या जमिनी, आणि राहिलेल्या भागात सेटलमेंट, औद्योगिक, संस्थात्मक वगैरे. पहिल्या गटातली जमीन धंद्यासाठी कोणी दाखवत असेल तर चहा पिऊन निघावं. दुसऱ्या गटाबद्दल 'होऊन जाईल' असं सांगितलं जातं. कसं होईल, कोणत्या कलमाखाली, याचं उत्तर लेखी मागा.

सेटलमेंटमध्येही कुठले वापर चालतात हे २०१० च्या जमीन विकास व बांधकाम नियमावलीत दिलेलं आहे. किराणा, दवाखाना, पिठाची गिरण आणि स्प्रे पेंटिंगचं गॅरेज यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दाखला फक्त झोन सांगतो, आपल्या धंद्याचं नाव त्यात कुठेच नसतं. म्हणून अर्ज करतानाच वेगळं पत्र द्यावं: 'या जागेत अमुक क्षेत्रफळाचं, अमुक अश्वशक्तीच्या मोटरी वापरणारं वर्कशॉप प्रस्तावित आहे, नियमावलीनुसार हा वापर अनुज्ञेय आहे का?' तोंडी उत्तर जागेवरही मिळतं, लेखी उत्तराला वेळ लागतो, पण पुढे कामाला येतं ते लेखीच.

एक-चौदाच्या उताऱ्यात लपलेलं

झोनिंग दाखला जमिनीचा मालक बघत नाही, कूळ बघत नाही, इतर हक्क बघत नाही. ही दाखल्याची चूक नव्हे, ते त्याचं कामच नाही. पण इथेच सगळ्यात जास्त पैसे अडकतात.

उताऱ्यावर कुळाच्या रकान्यात नाव असेल, किंवा जमीन कूळकायद्याने कुळाच्या मालकीची झालेली असेल, तर १९९१ चा गोवा जमीन वापर नियमन कायदा लागू होतो. अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आराखड्यात ती सेटलमेंट दाखवलेली असली तरीही! नकाशातला रंग एक बोलतो आणि कायदा दुसरं, असं हे ठळक उदाहरण आहे. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर प्लॉटमध्ये असेल तर त्याचा हक्क वेगळा, आणि त्याच्या वाटेचाही. भातशेतीची जमीन असेल तर २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही, मग झोनचा प्रश्नच उरत नाही.

कोमुनिदादची (गावाच्या पारंपरिक सामाईक संस्थेची) जमीन आफोरामेंतने, म्हणजे कायमच्या पट्ट्याने, कोणत्या कामासाठी दिली होती ते मूळ कागदात बघावं. घरासाठी दिलेल्या जागेवर शोरूम उभं करणं म्हणजे त्या अटीशीच पंगा.

यानंतर येते सनद. महसूल संहितेच्या कलम ३२ खाली जिल्हाधिकारी भूरूपांतराची सनद देतात, आणि सनदेत वापर लिहिलेला असतो. 'जमीन कन्व्हर्टेड आहे' एवढ्यावर खूष होऊ नका. निवासी सनद असेल तर व्यापारी वापरासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा फी. सनदेसोबत जोडलेल्या प्लॅनमधलं क्षेत्रफळही मोजा. प्लॉट १२०० चा आणि सनद फक्त घराखालच्या ३०० ची, हे जुन्या घरांच्या बाबतीत नेहमी आढळतं.

उतार, भराव आणि पाणी

गोव्यात सपाट, कोरडी, रस्त्याला लागून असलेली रिकामी जमीन उरलेली थोडी. त्यामुळे धंद्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या जागा बहुधा दोन प्रकारच्या असतात: डोंगराच्या पायथ्याची, नाहीतर रस्त्यापेक्षा दोन मीटर खाली असलेली. दोन्हींवर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ चा पहारा आहे. डोंगर कापायचा किंवा सखल जमीन भरायची तर मुख्य नगरनियोजकांची आधी लेखी परवानगी हवी. आधी जेसीबी आणि मग अर्ज, हा क्रम चालत नाही.

उतार २५ टक्क्यांहून जास्त असेल तर बांधकामाला जागाच नाही. २५ टक्के म्हणजे किती हे डोळ्यांनी कळत नाही. चार मीटर चाललात आणि एक मीटर चढलात, तर तो २५ टक्के. कोनात मोजला तर फक्त १४ अंश. कोणालाही तो 'थोडासा चढ' वाटतो. म्हणून १ मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा कंटूर प्लॅन इसार देण्याआधी करून घ्यावा. आराखड्याच्या नकाशात उताराच्या पट्ट्या ढोबळ असतात. पायथ्याशी सेटलमेंट लिहिलेल्या प्लॉटच्या मागच्या तिसऱ्या भागात उतार ३० टक्के निघाला, तर तो भाग हिशेबातून गेला.

आणि परवानगी मिळाली तरी जांभ्याचा कडा उभा कापून त्याच्या पोटाला शेड लावणं मूर्खपणाचं. वरच्या सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपून खालच्या चिकणमातीच्या थरावर साचतं आणि वाट मिळेल तिथे फुटतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या राज्यात ती वाट बहुतेक आपल्या मागच्या भिंतीतूनच जाते. राखणभिंत बांधताना वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, ठेवायची, भिंतीमागे दगडगोट्यांचा थर भरायचा, वरच्या बाजूला पाणी अडवणारं गटार काढायचं. हा खर्च जमिनीच्या किमतीतच धरायचा.

सखल जागेचं दुखणं उलटं. रस्त्यापासून खाली असलेला तुकडा पूर्वी पावसाचं पाणी पिऊन घ्यायचा. तो भरला की पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जातं आणि तक्रार पंचायतीत येते. मोरीचा पाइप कुठून येतो आणि कुठे जातो, हे जुलैत एकदा जाऊन बघावं. एप्रिलमध्ये पाहिलेल्या जागेवर भरवसा ठेवू नये. खाजनाच्या काठाला तर आणखी एक गोष्ट: बांद (मातीचे बांध) आणि मानशी (भरतीचं पाणी अडवणारी दारं) सांभाळल्या जात असतील तोवर जागा कोरडी. मानस मोडली की भरतीचं पाणी येणारच. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आहेत, आणि खाजनात बांधकाम नको हे त्यात स्पष्ट आहे.

सीआरझेड म्हणजे फक्त कळंगुट-बागा हा समज सोडून द्यावा. समुद्राकडून भरतीरेषेपासून ५०० मीटर, त्यातले पहिले २०० मीटर साधारणपणे बांधकामबंदीचे. पण भरती-ओहोटी लागणाऱ्या नद्यांनाही तो लागू आहे: काठापासून १०० मीटर किंवा नदीच्या पात्राची रुंदी, यातलं जे कमी ते. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ यांच्या फाट्यांवर वसलेल्या, समुद्र नजरेलाही न पडणाऱ्या गावांत हे लागू होतं. २०२२ मध्ये मंजूर झालेला किनारी आराखडा बघून सर्व्हे नंबर तपासता येतो. झोनिंग दाखल्यात सेटलमेंट आणि किनारी आराखड्यात सीआरझेड, असं एकाच जमिनीबाबत असू शकतं आणि त्यात विसंगती काहीच नाही. दोन वेगळे कायदे, दोन वेगळे नकाशे.

खासगी वनक्षेत्र आणि कालव्याच्या लाभक्षेत्राची चौकशीही अशीच वेगळी. साळावली किंवा तिळारीच्या कालव्याखालची जमीन असेल तर लाभक्षेत्र विकास कायदा आडवा येतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीने.

ट्रक वळणार कुठे

नियम पाळूनही धंदा बुडवू शकणारी गोष्ट म्हणजे रस्ता. दाखल्यात त्याबद्दल चकार शब्द नसतो. ४० फुटी कंटेनर येणार असेल तर मुख्य रस्त्यापासून गेटपर्यंतचं प्रत्येक वळण, प्रत्येक साकव आणि प्रत्येक लोंबती वीजवाहिनी मोजा. वाड्यातले रस्ते बऱ्याच ठिकाणी तीन-चार मीटरचे, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, कोपऱ्यावर खुरीस (क्रूस) किंवा घुमटी. ती हलवायचा विषयही काढू नये. मग माल हमरस्त्यावर उतरवून छोट्या टेम्पोने आत आणावा लागतो आणि प्रत्येक फेरीला हमाली दोनदा. प्लॉटच्या आतही बघा: १६ मीटर रुंद आणि ६५ मीटर लांब प्लॉट १०४० चौरस मीटरचाच असतो, पण दोन्ही बाजूंनी ३-३ मीटर सोडले की इमारतीला १० मीटर उरतात आणि ट्रकला वळायला काहीच नाही. रुंदी २५ मीटरच्या खाली असलेली जागा गोदामासाठी घेऊ नये असं आमचं मत.

रस्ता अग्निशामक बंबासाठीही मोजायचा असतो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले, तेव्हा अरुंद वाटेमुळे बंब जागेपर्यंत पोचू शकले नव्हते. गिऱ्हाईक गर्दी करतील असा कुठलाही धंदा असेल, तर बंब दारापर्यंत येतो का हा पहिला प्रश्न असावा.

वाट खासगी असेल तर तिचा हक्क कागदावर हवा. 'भाटकार (जमीनमालक) कधी अडवत नाही' हे दहा वर्षांनी भाटकाराच्या मुलाला मान्य असेलच असं नाही.

सांडपाण्याचं थोडक्यात. मलनिस्सारण वाहिनी नसलेल्या गावात सेप्टिक टँक आणि सोक पिट; आणि सोक पिट विहिरीपासून १५ मीटर लांब. आपल्या विहिरीपासून नव्हे, कोणाच्याही विहिरीपासून. छोट्या प्लॉटला चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या विहिरी असल्या की सोक पिटला जागाच उरत नाही, आणि आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला तिथे अडकतो. रेस्टॉरंट-बेकरीवाल्यांनी हे सगळ्यात आधी बघावं. बोअरवेल मारायची तर २००२ च्या भूजल कायद्याखाली जलस्रोत खात्याची परवानगी. दारू विकणार असाल तर शाळा-देवळापासूनचं १०० मीटरचं अंतर टेपने मोजा, पावलांनी नको.

बदललेला झोन: इथे जपून

झोन बदलून घेतलेल्या जमिनी बाजारात बऱ्याच आहेत आणि त्यांची किंमत मूळ सेटलमेंटइतकीच सांगितली जाते. तेवढी देऊ नये. २०१८ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १६ब आलं, त्याखाली एकेका प्लॉटच्या झोनबदलाचे अर्ज घेतले गेले. मग २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्यासाठी. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या १७(२) साठीचे नियम रद्द केले आणि कलमाची व्याप्ती आकुंचित केली. २०२४ मध्ये ३९अ आलं. त्यात हरकतींसाठी ३० दिवसांची सूचना असते, आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळालं.

धंद्यासाठी याचा अर्थ असा: बदललेल्या झोनवर बँक कर्ज देताना वकिलाकडून शोध अहवाल मागते, आणि त्या अहवालात 'प्रलंबित याचिका' हे दोन शब्द आले की व्याजदर, तारण, वेळ सगळं बदलतं. म्हणून दाखल्यासोबत बदलाच्या अधिसूचनेची राजपत्रातली प्रत मागा, तारीख आणि कलम बघा. विकणारा प्रत देत नसेल तर नकार आला असं धरा.

दुसरे पर्याय कसे आहेत

नगरनियोजन खात्याच्या संकेतस्थळावरचे गावनिहाय नकाशे फुकट आहेत आणि पहिल्या गाळणीसाठी उत्तम. दहा जागांतल्या सहा तिथेच बाद होतात. दोष एवढाच की सर्व्हे नंबरचे आकडे वाचताना डोळे दुखतात आणि नंतरचे बदल त्यात असतीलच असं नाही. स्थानिक आर्किटेक्टची तासाभराची सल्ला फी हा आमच्या मते सगळ्यात चांगला खर्च, अट एवढीच की त्याने त्याच तालुक्यात कामं केलेली असावीत. बार्देशातला अनुभव काणकोणात अर्धाच चालतो.

आणि ज्यांचा धंदा आवाज, धूर किंवा रसायनांचा आहे त्यांनी गावातली जागा शोधण्यात वेळ घालवू नये. औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती त्यासाठीच आहेत: वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा, पिळर्ण, थिवी, तुये, होंडा, कुंकळ्ळी. जमीन लीजवर, विकत नाही, हस्तांतराला अटी, पण झोन, सनद आणि कूळ हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात संपतात. प्रदूषण मंडळाची स्थापनेची आणि चालवण्याची संमती तिथेही लागतेच. फक्त पांढऱ्या (प्रदूषण जवळजवळ नसलेल्या) वर्गातल्या उद्योगांना नुसतं कळवून भागतं. गावात तीच संमती घेतली तरी शेजारच्या घरातून रात्री फोन जातोच.

पंचायत हा शेवटचा टप्पा समजला जातो, पण माहिती काढायला पहिला. १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना पंचायत देते. नगरनियोजन खात्याचा तांत्रिक दाखला, आरोग्य खात्याचा ना हरकत, सनद हे सगळं तिच्यापुढे ठेवायचं. ३० दिवसांत निर्णय कळवला नाही तर उपसंचालकांकडे दाद मागता येते. ही कागदाची बाजू झाली. इसार देण्याआधी मागच्या दोन-तीन ग्रामसभांचे ठराव बघून घ्या. त्या वाड्यात मोठ्या गाड्यांवर, गोदामांवर किंवा पाण्याच्या जोडण्यांवर हरकत नोंदलेली असेल तर ती तिथे सापडते. जुनं घर दुकान म्हणून घेत असाल तर घरपट्टीची पावती बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नाही. मंजूर प्लॅन, भोगवटा दाखला आणि वापर बदलाची परवानगी, तिन्ही मागा.

करारात एक कलम वकिलाकडून घालून घ्यायचं: ठरलेल्या वापरासाठी, ठरलेल्या क्षेत्रफळाचा तांत्रिक दाखला मिळाला नाही तर इसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत. क्षेत्रफळाचा आकडा आणि वापराचं नाव दोन्ही लिहा, कारण नुसतं 'परवानगी न मिळाल्यास' लिहिलं तर विकणारा राहत्या घराची परवानगी आणून दाखवू शकतो, आणि कराराप्रमाणे तो बरोबर ठरतो.